बर्ट्रम हॉपकिन्सन
बर्ट्रम हॉपकिन्सन (११ जानेवारी, १८७४:बर्मिंगहॅम, इंग्लंड – २६ ऑगस्ट, १९१८) हे इंग्लिश अभियंते व केंब्रिज विद्यापीठातील प्राध्यापक होते. बंदुकीच्या गोळीच्या आघाताने किंवा स्फोटाने क्षणभर निर्माण होणारा दाब मोजण्याची पद्धत त्यांनी शोधली.

जीवन
हे विद्युत अभियंते जॉन हॉपकिन्सन यांचे पुत्र होते. केंब्रिजमधील शिक्षणानंतर ते वकिलीकडे वळले. परंतु १८९८मध्ये आल्प्स पर्वतातील अपघातात वडील व तीन भावंडे दगावल्यावर त्यांनी वडिलांचा व्यवसाय सांभाळला. १९०३मध्ये ते केंब्रिजला प्राध्यापक झाले.

संशोधन
वडिलांनी १८७२मध्ये लोखंडी तारेला वजनाचे हिसके देऊन केलेले प्रयोग त्यांनी १९०५मध्ये पुढे नेले. अत्यल्प काळ पडणारा भार स्थिर भाराच्या मर्यादेहून मोठा असला, तरी तार कायमची ताणली जात नाही, असे त्यांना आढळले.

१९१४च्या प्रयोगात टांगलेल्या पोलादी दांड्याच्या टोकावर गोळी झाडली जाई. दाबाची लाट दुसऱ्या टोकाला पोहोचून परतली, की तेथे चुंबकाने धरलेला आखूड तुकडा सुटून लंबकावर आदळे. निरनिराळ्या लांबीच्या तुकड्यांचा संवेग मोजून दाब व त्याचा कालावधी काढता येई.

मृत्यू
पहिल्या महायुद्धात लष्करी विमानविषयक संशोधन करताना ते विमान चालवण्यास शिकले. लंडनकडे जाताना विमान कोसळून त्यांचा मृत्यू झाला.

वारसा
१९४९मध्ये हर्बर्ट कोल्स्की यांनी दोन दांड्यांमध्ये नमुना ठेवून ही पद्धत पदार्थांच्या चाचणीसाठी वापरली. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतही अशा उपकरणावर संशोधन झाले आहे.