बाबासाहेबांचा लंडनचा अर्ज

विहाराच्या वर्धापन दिनाच्या स्मरणिकेसाठी बाबासाहेबांवर काहीतरी लिहा, असे कार्यकर्त्यांनी सांगितले तेव्हा मी जरा घुटमळलोच. परमपूज्य बाबासाहेबांचे चरित्र आपल्या घरांत कोणाला नव्याने सांगायचे? १४ एप्रिल १८९१ चा महूचा जन्म, साताऱ्याची शाळा, सुभेदार रामजींची शिस्त, चवदार तळे, घटना, नागपूरची दीक्षा, हे सगळे आपल्या लहान मुलांनाही पाठ आहे. पण माझा जन्म कचेरीत फायली हाताळण्यात गेला. त्यामुळे मोठ्या माणसाचे चरित्र वाचतानाही माझे लक्ष कागदांकडे जाते. अर्ज कधी केला, शिफारस कोणाची होती, फी किती भरली, मुदत कधी संपत होती? बाबासाहेबांच्या लंडनच्या शिक्षणात असे कागद पुष्कळ आहेत. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या दप्तरात त्यांची विद्यार्थी म्हणून फाईल अजून जपून ठेवलेली आहे. तेवढ्यापुरतेच हे चरित्र सांगतो.

सुरुवात मात्र मुंबईपासून केली पाहिजे. १९०७ साली भीमराव एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाले. ७५० पैकी २८२ गुण मिळाले. आजच्या टक्क्यांच्या बाजारात हे गुण कोणी सांगणारही नाही, पण त्या दिवशी वस्तीत सत्काराची सभा भरली. अध्यक्ष होते सीताराम केशव बोले, आणि बोलायला उभे राहिले कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजी. हा मुलगा चर्नी रोडच्या बागेत पुस्तक घेऊन बसतो, एवढे हेरून गुरुजींनी आधीच त्याची ओळख करून घेतली होती. सभेत त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. बुद्धाशी बाबासाहेबांची गाठ पडली ती अशी, हे आपण नेहमी सांगतो. गुरुजींचे दुसरे काम मात्र आपण विसरतो. पुढे कॉलेजच्या खर्चाला रामजीबाबा कमी पडू लागले, तेव्हा गुरुजी भीमरावांना घेऊन सयाजीराव महाराजांच्या भेटीला गेले, आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती पदरात पडली. मुलगा हुशार आहे म्हणून टाळ्या वाजवणारे पुष्कळ असतात. त्याला सोबत घेऊन जिना चढणारा एखादाच!

१९१२ साली बी.ए. झाले. १९१३ च्या जानेवारीत बडोद्याची नोकरी, २ फेब्रुवारीला वडिलांचे निधन, आणि जूनमध्ये बडोदे सरकारशी करारपत्र. तीन वर्षे अमेरिकेत शिकायचे, दरमहा साडेअकरा पौंड मिळणार, परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची चाकरी करायची. कोलंबिया विद्यापीठाची ही तीन वर्षे म्हणजे स्वतंत्र लेखाचा विषय आहे. इथे इतकेच सांगतो, की १९१५ साली एम.ए. झाले, डॉक्टरेटसाठी प्रबंध तयार झाला, आणि प्राध्यापक एडविन सेलिग्मन यांच्यासारखे गुरू मिळाले. सरकारने कर कसे बसवावेत या शास्त्रातला हा जगन्मान्य माणूस.

आता लंडन. लंडनला जायचे ठरले तेव्हा सेलिग्मन साहेबांनी तिथले अर्थशास्त्राचे प्राध्यापक हर्बर्ट फॉक्सवेल यांच्याशी आपल्या शिष्याची पत्राने ओळख करून दिली. आज आपण ज्याला रेफरन्स लेटर म्हणतो ते हेच. फॉक्सवेल यांनी स्कूलच्या कार्यालयाला जे कळवले ते मोठे गमतीचे आहे. या माणसाचा डॉक्टरेटचा अभ्यास आधीच झालेला आहे, तेव्हा आपल्याकडे येऊन त्याला जिंकायला काही उरलेले नाही, अशा अर्थाचे ते पत्र आहे. म्हणजे शिकायला आलेल्या माणसाला तुझे शिक्षण जास्तच झाले म्हणून सांगायची वेळ! पण भीमरावांना लंडनची पदवी हवीच होती. १९१६ च्या ऑक्टोबरात त्यांनी एम.एस्सी.साठी नाव घातले. फी साडेदहा पौंड. सर हाल्फर्ड मॅकिंडर यांच्याकडे भूगोल आणि प्राध्यापक हॉबहाऊस यांच्याकडे समाजशास्त्र असे विषय घेतले. नोव्हेंबरात बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्येही प्रवेश घेतला. बाहेर पहिले महायुद्ध चालू, आणि इकडे पंचविशीतला हा तरुण एकाच वेळी दोन ठिकाणी विद्यार्थी.

वर्ष होते न होते तोच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि बडोद्याहून परतण्याचे बोलावणे आले. अशा वेळी आपली मुले काय करतात? नशिबाला बोल लावतात आणि गाशा गुंडाळतात. भीमरावांनी निघण्याआधी लंडन विद्यापीठाकडे अर्ज केला, की मला रजा द्या, माझी जागा मोडू नका. १९१७ च्या जुलैत विद्यापीठाने जास्तीत जास्त चार वर्षांची सवलत दिली. मला या सगळ्या कागदांत हा कागद सर्वांत मोलाचा वाटतो. हा नसता तर १९२० साली दारात पुन्हा नवख्यासारखे उभे राहावे लागले असते.

परत आल्यावर बडोद्यात काय झाले ते सर्वांना माहीत आहे. अमेरिकेत शिकून आलेल्या अधिकाऱ्याच्या टेबलावर शिपाई लांबून फायली फेकत होते. पारशी विश्रामगृहातून बाहेर काढले गेले, गावात कोणी छप्पर देईना. मुंबईला परतून १९१८ च्या नोव्हेंबरात सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळाली, पगार ४५० रुपये. त्या पगारातून पै पै साठवली ती लंडनसाठीच. चार वर्षांची मुदत डोक्यात घड्याळासारखी वाजत असणार. मधल्या काळात साउथबरो कमिटीपुढे साक्ष झाली, ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ निघाले, मार्चमध्ये माणगावची परिषद झाली. एवढ्या कामात दुसरा कोणी लंडन विसरून गेला असता.

जुलै १९२० मध्ये बोट पकडली. चरित्रकारांनी पैशाचा हिशेब दिला आहे तो असा: स्वतःची शिल्लक सुमारे ७ हजार, राजर्षी शाहू महाराजांनी दिलेले दीड हजार, आणि कोलंबियापासूनचे पारशी मित्र नवल भथेना यांच्याकडून ५ हजारांचे कर्ज. रमाईंकडे परळच्या चाळीतला संसार. तो त्यांनी कसा ओढला, ते आपल्या आयाबायांना सांगायला नको.

लंडनमधले दिवस अर्धपोटीचे. सकाळी ब्रिटिश म्युझियमचे दार उघडायच्या वेळी हजर, संध्याकाळी दार बंद करणाऱ्याने उठवेपर्यंत पुस्तकात. रात्री खोलीवर पुन्हा अभ्यास, आणि भूक अगदीच अनावर झाली तर कोणी मुंबईकराने दिलेले पापड भाजून त्यावर कपभर दूध. किंग हेन्रीज रोडवरचे १० नंबरचे ते घर पुढे २०१५ साली महाराष्ट्र सरकारने विकत घेतले.

इथे एक गोष्ट थोडी सविस्तर सांगतो, कारण परदेशी शिकणाऱ्या प्रत्येकाच्या घरी ती आजही घडते. फेब्रुवारी १९२० मध्ये सरकारने रुपयाचा भाव दोन शिलिंग, म्हणजे २४ पेन्स धरला होता. त्या भावाने हजार रुपयांचे १०० पौंड. पण हा भाव टिकला नाही. १९२१ मध्ये रुपया १६ पेन्सच्या आसपास घसरला. म्हणजे त्याच हजार रुपयांचे ६७ पौंडसुद्धा होईनात. पैसे तेवढेच, खर्च तोच, आणि खिसा मात्र तिसऱ्या हिश्शाने रिकामा! सप्टेंबर १९२१ मध्ये त्यांना शाहू महाराजांकडे पत्र लिहून २०० पौंडांची उसनवार मागावी लागली, आणि अडचणीचे कारण म्हणून हेच हुंडणावळीचे गणित त्यात होते. आणि त्या वेळी हा विद्यार्थी डॉक्टरेटसाठी विषय कोणता अभ्यासत होता? रुपयाचा प्रश्न! म्युझियममध्ये ज्या रुपयावर टिपणे काढायची, त्याच रुपयाने रात्रीचे जेवण कापायचे. त्या ग्रंथातली धार कुठून आली असेल ते मग वेगळे सांगावे लागत नाही.

आता अर्जाचीच एक गोष्ट, आपल्या मुलांनी मुद्दाम ऐकावी अशी. एम.एस्सी.ची फी या खेपेस अकरा गिनी झाली होती. ती भरली, प्रबंधाचे काम झाले, आणि १९२१ च्या एप्रिलमध्ये उन्हाळी परीक्षेचा फॉर्मच वेळेवर पाठवायचा राहून गेला! होय, बाबासाहेबांचा. शेवटी स्कूलच्या सचिवबाई मिसेस मेअर यांनी विद्यापीठाला लिहून उशिरा फॉर्म घेण्याची परवानगी मागितली. जूनमध्ये एम.एस्सी. मिळाली. आपण बाबासाहेबांना इतके उंच ठेवतो, की त्यांचाही फॉर्म राहू शकतो हे ऐकायला काहींना आवडणार नाही. मला तर ते वाचून जास्त जवळचे वाटले. आणि त्या सचिवबाईंचेही कौतुक वाटले. एक पत्र लिहायला त्यांना किती वेळ लागला असेल?

त्याच वर्षी जर्मनीतल्या बॉन विद्यापीठातही जाण्याचा त्यांचा विचार होता. त्यासाठी अर्ज आणि स्वतःची माहिती त्यांनी जर्मन भाषेत, स्वतःच्या हाताने लिहून पाठवली. तिथला अभ्यास काही पुरा झाला नाही. १९२२ साली बॅरिस्टर झाले.

डी.एस्सी.चा प्रबंध पहिल्या फेरीत मान्य झाला नाही. त्यात ब्रिटिश सरकारवर टीका होती म्हणून परीक्षक बिथरले, असे आपण भाषणांत सांगतो. स्कूलच्या फाईलमध्ये तसे कारण कुठे नोंदलेले नाही. पैसे संपलेले, म्हणून एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईला परतले. प्रबंध इथे बसून दुरुस्त केला, ऑगस्टमध्ये पुन्हा पाठवला, आणि नोव्हेंबर १९२३ मध्ये तो मान्य झाला. पहिल्यांदा नाव घातल्यापासून सात वर्षांनी. मार्गदर्शक प्राध्यापक एडविन कॅनन यांची काही मते त्यांना पटत नव्हती, तरी प्रस्तावनेत त्यांचे ऋण मोकळ्या मनाने मानले आहे. ग्रंथ अर्पण केला आहे आईवडिलांना, त्यांनी शिक्षणासाठी केलेल्या त्यागाची आठवण म्हणून.

पुढे व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाल्यावर, ऑक्टोबर १९४२ मध्ये त्यांनी सरकारला एक मोठे निवेदन दिले. आपल्या मुलांना परदेशी विद्यापीठांत पाठवण्यासाठी सरकारने पैसा द्यावा, ही मागणी त्यात होती. केळुसकर गुरुजी एका मुलाला घेऊन महाराजांकडे गेले होते. बाबासाहेब आता सगळ्या मुलांसाठी सरकारकडे गेले.

हे सगळं मी का लिहितोय, तर आपल्या विहाराच्या अभ्यासिकेत रविवारी आम्ही तिघं-चौघं मुलांचे फॉर्म बघतो, त्यामुळे. गेल्या खेपेला वस्तीतल्याच एका मुलाला तिकडचं प्रवेशाचं पत्र आलं, पण उत्पन्नाचा दाखला वेळेत हातात पडला नाही आणि शिष्यवृत्तीचा अर्ज राहिला. पोरगं आठ दिवस कोणाशी बोललं नाही. तेव्हापासून आम्ही भिंतीवर तारखा लिहून ठेवतो.

बारावीनंतर ब्रिटनमध्ये पदवीला जायचं तर बहुतेक विद्यापीठांचा अर्ज ‘यूकास’ या एकाच ठिकाणी होतो. जास्तीत जास्त पाच अभ्यासक्रम निवडता येतात. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि बहुतेक मेडिकलची मुदत ऑक्टोबरच्या मध्यावर संपते, बाकी बहुतेकांची जानेवारीत. स्वतःबद्दलचं निवेदन २०२६ च्या प्रवेशापासून तीन प्रश्नांच्या उत्तरांत लिहायचं असतं, मिळून चार हजार अक्षरांत. पोरं तिथे आपल्या आईबापाचे कष्ट लिहीत बसतात. ते खरंच असतं, पण विचारलेलं असतं वेगळंच: हा विषय का, अभ्यासाने तयारी काय झाली, शाळेबाहेर काय केलं. भीमराव बागेत काय वाचत होते, असं धरा. आणि शिक्षकांचं पत्र लागतंच. ते आदल्या दिवशी मागू नका, मास्तरलाही चार दिवस द्यावे लागतात.

पैशाचं मात्र आधीच स्पष्ट सांगतो. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज आणि राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, या दोन्ही मास्टर्स आणि पीएच.डी.साठी आहेत, बारावीनंतरच्या पदवीला नाहीत. म्हणून बऱ्याच घरांना पदवी इथे करून मग तिकडे जाणं परवडतं. बाबासाहेबही बी.ए. करूनच गेले होते.

अभ्यासिका रविवारी वंदनेनंतर दहा वाजता उघडते. येताना दहावी-बारावीच्या मार्कशीट, जातीचा दाखला आणि चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला मूळ प्रतींसह आणावा. पासपोर्ट नसेल तर तो अर्ज आधी करू.