उजाड पुणे वसविणाऱ्या मातुःश्री

बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेड राजा ही राजमाता जिजाबाईंची जन्मभूमी होय, हे आपल्या ज्ञातीतील लहान मुलासही ठाऊक आहे. शिवरायांना घडविणारी माता म्हणून त्यांचे चरित्र घरोघर सांगितले जाते. परंतु उजाड झालेले एक गाव पुन्हा वसवून त्याच्या पुढील वाढीची तरतूद करणाऱ्या कारभारी स्त्री म्हणून त्यांचे स्मरण क्वचितच होते. आपल्या कित्येक कुटुंबांतील मुले आज विद्येसाठी व नोकरीसाठी पुण्यास जातात. त्या पुण्याच्या उभारणीस ह्या वऱ्हाडच्या कन्येचा हात लागला आहे, म्हणून तेवढाच भाग आम्ही येथे विस्ताराने सांगतो.

जिजाबाईंचा जन्म रूढ गणनेप्रमाणे १२ जानेवारी १५९८ रोजी झाला. पिता लखुजी जाधवराव हे निजामशाहीतील मातबर सरदार, माता म्हाळसाबाई. सिंदखेडास गेलेल्यांनी लखुजीरावांच्या वाड्याचा भव्य दरवाजा पाहिलाच असेल. पण आमच्या मते तेथील मोती तलाव त्याहून पाहण्यासारखा आहे. त्याच्या बांधाची दर्शनी बाजू किल्ल्याच्या तटासारखी आहे. चांदणी तलाव आणि पुतळा बारव ही त्याच गावची. पावसावर जगणाऱ्या ह्या मुलखात गाव टिकवावयाचे तर पाणी आधी धरून ठेवावे लागते. जिजाबाईंचे बालपण अशा गावात गेले.

पुढे शहाजीराजांशी विवाह झाला. १६२९ साली दौलताबादेस निजामशहाच्या दरबारात लखुजीराव पुत्रांसह दग्याने मारले गेले. पाठोपाठ १६३० मध्ये शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला. त्याच सुमारास विजापूरकरांचा सरदार मुरार जगदेव याने शहाजीराजांच्या जहागिरीचे पुणे जाळून बेचिराख केले आणि गावावर गाढवाचा नांगर फिरविला. त्यातच भयंकर दुष्काळ पडला. माणसे परागंदा झाली आणि शेतांत रान माजले.

१६३६ नंतर शहाजीराजे विजापूरकरांच्या चाकरीत कर्नाटकाकडे गेले. पुणे जहागिरीची व्यवस्था जिजाबाईंच्या देखरेखीखाली आली, आणि दादोजी कोंडदेव कारभार पाहू लागले. कोणाचे श्रेय किती, ह्या वादात आम्ही शिरत नाही. गाव वसले, ही गोष्ट खरी आहे.

ते कसे वसले, हे पाहण्याजोगे आहे. प्रथम लोकांच्या मनातील भय घालविले. कसबा गणपतीचे देऊळ उभारले. गाढवाचा नांगर फिरलेल्या भूमीवर सोन्याचा फाळ लावलेला नांगर धरविला, असे परंपरा सांगते. जहागीरदाराचे कुटुंबच लाल महालात येऊन राहिले, तेव्हा रयतेलाही धीर आला. पळालेल्या कुणब्यांस कौल देऊन परत बोलाविले. सारा एकदम घेतला नाही. पहिल्या वर्षी नाममात्र, मग दरसाल थोडा थोडा वाढवीत काही वर्षांनी पुऱ्या दरावर आणावयाचा, असा इस्तावा ठरविला. पिकांची नासधूस व जनावरांचा उपद्रव थांबावा म्हणून लांडगे मारणारास इनाम लावले. आजचा महसूल सोडून पाच-सात वर्षांनंतरच्या भरल्या गावाकडे पाहणारी ही दृष्टी आहे. खजिना रिकामा असता असे करणे सोपे नव्हते.

पर्वतीकडून येणाऱ्या आंबिल ओढ्याच्या पुरापासून कसब्याचा बचाव व्हावा म्हणून त्यास बांध घातल्याचेही सांगतात. पुढे पेशवाईत नानासाहेबांनी हाच ओढा वळवून पर्वतीचे तळे केले. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री ह्याच ओढ्याला लोंढा आला, आणि बांधकामांनी आवळलेल्या काठांवरील अनेकांचे प्राण गेले.

आज हे काम नगरपरिषदांकडे आहे. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याप्रमाणे प्रत्येक नगरपरिषदेने विकास योजना करावयाची, रस्ते, शाळा, बाजार, बागा यांसाठी जागा राखून ठेवावयाच्या, आणि साधारणतः वीस वर्षांनी ती योजना सुधारावयाची. प्रारूप योजना प्रसिद्ध होते तेव्हा हरकती मागविल्या जातात. आपले लोक त्या वेळी गप्प बसतात आणि घरावर आरक्षणाची रेघ आल्यावर कचेरीत धावतात, हे आम्ही आपल्याच जिल्ह्यात पाहिले आहे. तलावाच्या पोटात प्लॉट पडतात, तेव्हाही कोणी नकाशा मागत नाही. मोती तलावाच्या गावाचे शेजारी म्हणविणाऱ्या आपणांस हे शोभत नाही.

जिजाबाईंच्या उत्तरायुष्यात दुःखे पुष्कळ आली. ज्येष्ठ पुत्र संभाजीराजे कनकगिरीस कामी आले. १६६६ साली शिवराय आग्र्याच्या कैदेत असता स्वराज्याचा कारभार ह्या मातुःश्रींच्या देखरेखीखाली चालला, आणि त्यांचे वय तेव्हा सत्तरीकडे झुकलेले होते. ६ जून १६७४ रोजी रायगडावर पुत्राचा राज्याभिषेक त्यांनी डोळ्यांनी पाहिला.

गडावरची थंड हवा वार्धक्यात सोसत नसल्याने महाराजांनी त्यांच्यासाठी पायथ्याशी पाचाड येथे वाडा बांधला होता. तेथील विहिरीवर टेकून बसण्यास दगडी तक्क्या आहे. तेथे बसून मातुःश्री पाणी भरावयास येणाऱ्या बायकांची विचारपूस करीत, असे पाचाडकर सांगतात. राज्याभिषेकानंतर अकराव्या दिवशी, १७ जून रोजी, पाचाडासच त्यांनी देह ठेवला. त्यांची समाधी तेथे आहे.