पडद्यावरचा शिक्षक

आचार्य अत्रे म्हटले की सभा गाजविणारा वक्ता आणि ‘मराठा’चा झुंजार संपादक डोळ्यांपुढे उभा राहतो. चित्रपटाचे लेखक व निर्माते असलेले अत्रे मात्र त्या कोलाहलात झाकोळून गेले. त्यांच्या या कर्तृत्वाची मुळे शाळेच्या वर्गात होती, याचेही स्मरण फारसे कोणी ठेवीत नाही.

प्रल्हाद केशव अत्रे यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९८ रोजी सासवडजवळच्या कोडीत गावी झाला. पदवीनंतर त्यांनी शिक्षकाचा पेशा पत्करला. पुण्याच्या लष्कर भागातील शाळेचे ते मुख्याध्यापक झाले आणि लंडनला जाऊन शिक्षणशास्त्राचा अभ्यासही त्यांनी केला. ‘केशवकुमार’ या नावाने १९२५ साली प्रसिद्ध झालेली ‘झेंडूची फुले’ आणि १९३३ सालचे ‘साष्टांग नमस्कार’ हे नाटक हा याच शिक्षकाचा फावल्या वेळचा उद्योग होता. शेवटच्या बाकावरच्या मुलाचेही चित्त खिळवून ठेवावे लागते, हे वर्गात उमगलेले मर्म त्यांनी रंगभूमीवर नेले आणि तेथून पडद्यावर.

मास्टर विनायकांसाठी त्यांनी ‘धर्मवीर’ (१९३७) आणि ‘ब्रह्मचारी’ (१९३८) यांच्या कथा लिहिल्या. समाजातील दंभावर त्यांनी हसत हसत कोरडे ओढले. परंतु पटकथा कितीही कसदार असली तरी तिचे भवितव्य भांडवल घालणाऱ्याच्या हाती असते. अत्र्यांनी निर्मितीची जोखीम स्वतःच्या शिरावर घेतली आणि सासुरवासाची व्यथा मांडणारा ‘पायाची दासी’ १९४१ साली पडद्यावर आणला.

या वाटचालीचा कळस म्हणजे १९५३ सालचा ‘श्यामची आई’. साने गुरुजी स्वतः शिक्षक आणि त्यांचे पुस्तक पडद्यावर आणणारेही पूर्वाश्रमीचे शिक्षकच! दारिद्र्यातही मुलाला सचोटी शिकविणाऱ्या मातेच्या या साध्या कथेला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक लाभले. पाठोपाठ १९५४ साली त्यांनी ‘महात्मा फुले’ काढला. शूद्रातिशूद्रांसाठी व स्त्रियांसाठी शाळा उघडणारा महापुरुष त्यांनी चित्रपटासाठी निवडावा, यात नवल ते कोणते?

लोकांना रिझवायचे तर अभिरुची खाली आणावीच लागते, असे सांगणारे निर्माते आणि चित्रपटाकडे तुच्छतेने पाहणारे विद्वान या दोघांनाही अत्र्यांच्या चरित्राने परस्पर उत्तर दिले आहे. १३ जून १९६९ रोजी ते निवर्तले. शिकविणे आणि रंजविणे यांत त्यांनी कधी भिंत उभी केली नाही. ती आपण उभी केली आहे, आणि तिच्या दोन्ही बाजूंना नुकसान मात्र मुलांचेच होत आहे.