कै. विठ्ठल सखाराम पागे : दुष्काळाच्या मदतीला कामाचे रूप देणारा पुरुष

नांदेड व लातूर जिल्ह्यांतील आमच्या वाचकांस दुष्काळ म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. मृग कोरडा गेला, आर्द्रांनीही तोंड फिरविले, की कणगीतले बियाणे पेरावे की दळून खावे ह्या विवंचनेत घरचा कर्ता रात्र काढतो. अशा वेळी कोठून तरी मदत येते. कधी धान्य येते, कधी रोख पैसा येतो. धान्य दोन महिन्यांत संपते आणि पैसा त्याहून लवकर संपतो. मग एक प्रश्न उरतो, तो असा की, मदत खाऊन झाल्यावर त्या घरात शिल्लक काय राहिले? हाच प्रश्न ज्यांनी मनापासून विचारला व त्याचे उत्तर राज्याच्या कायद्यात लिहविले, त्या कै. विठ्ठल सखाराम पागे ह्यांचे चरित्र आज थोडक्यात सांगावयाचे आहे.

पागे ह्यांचा जन्म १९१० साली आजच्या सांगली जिल्ह्यात झाला. त्यांनी कायद्याचा अभ्यास करून वकिली पत्करली. परंतु तो काळ स्वातंत्र्याच्या चळवळीचा होता. गांधीजींच्या मार्गाने ते त्या चळवळीत पडले व त्यांनी कारावास भोगला. गीता व संतांचे वाङ्मय ह्यांचा त्यांचा व्यासंग मोठा होता. १९६० साली महाराष्ट्र राज्य निर्माण झाले, त्याच वर्षी ते विधान परिषदेचे सभापती झाले व १९७८ पर्यंत त्या आसनावर राहिले. एवढ्या मानाच्या जागी अठरा वर्षे बसूनही त्यांचे मन दुष्काळी तालुक्यांतील मजुरांकडे लागलेले असे, आणि म्हणूनच त्यांचे नाव आजही खेड्यांशी जोडलेले आहे.

पागे ह्यांच्या कार्याचे मोल कळावे म्हणून त्यांच्यापूर्वी दुष्काळात काय होत असे हे पाहणे अवश्य आहे. १८७६-७७ च्या मोठ्या दुष्काळात इंग्रज सरकारने मुंबई इलाख्यात कामे काढली होती. पण सर रिचर्ड टेंपल ह्यांच्या सल्ल्याने मजुरी उतरविण्यात आली. पुरुषास एक रत्तल धान्याची किंमत व वर एक आणा, एवढ्यावर दिवस काढावयाचा होता. तेवढ्यात पोट भरेना, म्हणून हजारो उपाशी मजुरांनी कामे सोडून दिली. पुढे सरकारने दुष्काळाचे नियम बांधले खरे, तथापि त्यांचा पाया असा होता की, दुष्काळ जाहीर होईपर्यंत गरिबाने वाट पाहावी, आणि जाहीर झाल्यावर जे मिळेल ते उपकार म्हणून घ्यावे. आपला मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. पण ज्याच्या हाती काम नाही त्याने सावकाराचे दार पाहावे, ही रीत इकडेही निराळी नव्हती.

आमच्या वाचकांस योसेफाची गोष्ट ठाऊकच आहे. सात वर्षांच्या दुष्काळात मिसरी लोकांस त्याच्या कोठारांतून धान्य मिळाले व त्यांचे प्राण वाचले. परंतु ती गोष्ट शेवटपर्यंत वाचणाऱ्यास हेही दिसते की, त्या धान्यासाठी लोकांनी प्रथम पैसा दिला, मग गुरे दिली, आणि अखेरीस आपली शेते व स्वतःस फारोच्या स्वाधीन केले. दुष्काळ सरला, पण शेते परत आली नाहीत. मदत मिळूनही घर कायमचे खाली जाऊ शकते, हे ह्यावरून ध्यानात येते. आपल्या गावी असेच घडत आले आहे. माणसे उपासाने मरत नाहीत. पण बैलजोडी मोडते, तांब्या-पितळेची भांडी गहाण पडतात, मुलाला सालगडी म्हणून ठेवावे लागते. पाऊस पुढच्या वर्षी येतो, तेव्हा नांगर धरावयास बैल नसतो. दुष्काळाचा खरा घाव हा असा पुढील दहा वर्षांवर पडतो.

पागे ह्यांनी हे जाणले होते. त्यांचा विचार साधा होता. धट्ट्याकट्ट्या माणसास फुकट दिलेले धान्य त्याची लाज घेते, आणि काहीच न देणे त्याचा जीव घेते. ह्यास्तव जो कोणी अंगमेहनतीचे काम मागेल त्यास सरकारने काम दिलेच पाहिजे. काम असे असावे की, त्याने माती अडेल, पाणी मुरेल, व पुढच्या दुष्काळाची धार बोथट होईल. १९६५ साली त्यांनी हा प्रयोग सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात विसापूर ह्या गावी करून पाहिला. तेथील अनुभव घेऊन त्यांनी ही कल्पना मुख्यमंत्री वसंतराव नाईक ह्यांजपुढे मांडली. नाईक स्वतः शेतीचे जाणकार होते. त्यांस ती पटली, आणि १९७२ साली सरकारने ग्रामीण भागासाठी जो पंधरा कलमी कार्यक्रम जाहीर केला त्यात रोजगार हमीचा समावेश झाला.

त्याच वर्षी जो दुष्काळ पडला त्याची आठवण आपल्या वडीलधाऱ्या मंडळींस अजून आहे. आधीची दोन वर्षेही पाऊस ओढून धरलेलाच होता. १९७२ ला ज्वारी हाती लागली नाही व विहिरी उन्हाळ्यापूर्वीच आटल्या. लातूर त्या वेळी उस्मानाबाद जिल्ह्यात होते. निराळा जिल्हा १९८२ साली झाला. नव्या योजनेची घडी बसण्यापूर्वीच सरकारला मोठ्या प्रमाणावर दुष्काळी कामे काढावी लागली. १९७३ च्या मे महिन्यात राज्यात सुमारे ५० लाख माणसे ह्या कामांवर होती. रस्त्यांवर खडी फोडणाऱ्या बाया, डोक्यावर पाटी घेऊन पाझर तलावाच्या पाळीवर चढणारी माणसे, कामावर वाटली जाणारी सुकडी, आणि परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी, ही चित्रे त्या पिढीच्या मनातून पुसली जाणारी नाहीत.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. त्या साली राज्यात धान्याचे उत्पन्न फार घटले असता मोठ्या प्रमाणावर भूकबळी पडले नाहीत. अमर्त्य सेन व ज्याँ द्रेझ ह्या अर्थशास्त्रज्ञांनी ह्याचे कारण शोधले. सरकारी धान्य तर आलेच. परंतु मजुरांच्या हाती आठवड्याचा रोख पैसा होता, म्हणून व्यापाऱ्यांचे धान्यही खेड्यांकडे वळले. गावात धान्य असून गरिबाच्या कनवटीस पैसा नसेल तर तो उपाशीच राहतो. आणि पैसा असून बाजारात धान्य नसेल तर तो पैसा चावता येत नाही. दोन्ही एकत्र आली तेव्हाच चुली पेटल्या. हा धडा पागे ह्यांच्या योजनेत पुढे उतरला. तीत काही काळ मजुरीचा एक भाग धान्याच्या कूपनांनी देण्याची सोय होती.

पाऊस पडल्यावर दुष्काळी कामे बंद झाली, पण पागे ह्यांनी विषय सोडला नाही. दुष्काळ नसतानाही भूमिहीनाच्या घरी माघ-फाल्गुनानंतर काम नसतेच, हे ते जाणून होते. १९७४ पासून योजना पुन्हा चालू झाली. तिला पैसा कोठून आणावयाचा? १९७५ साली, नांदेडचे शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री झाले त्या वर्षी, शहरांतील नोकरदार व धंदेवाईक ह्यांजवर व्यवसाय कर बसविण्यात आला, व तेवढीच भर सरकारने आपल्या तिजोरीतून घालावी असे ठरले. मुंबईतील कारकुनाच्या पगारातून दरमहा काही रुपये कापले जावे व त्यांतून मुखेड-कंधारच्या माळावर बांध पडावा, अशी ही व्यवस्था होती. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा दोन्ही सभागृहांनी एकमताने मंजूर केला, व २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला.

ह्या कायद्याने मागणारा व देणारा ह्यांचे नातेच बदलले. अठरा वर्षांवरील कोणीही स्त्री वा पुरुष अंगमेहनतीचे काम मागू शके. पंधरा दिवसांत काम न दिल्यास सरकारने बेकारी भत्ता द्यावा असे बंधन होते. काम शक्यतो गावापासून ५ किलोमीटरच्या आत असावे, तेथे पिण्याचे पाणी, सावली व तान्ह्या मुलांची सोय असावी, आणि समान मोजमापास स्त्री-पुरुषांस समान दर मिळावा, असे नियम होते. १९७९-८० साली ह्या योजनेखाली सुमारे २० कोटी मनुष्यदिवस काम झाले, आणि कामावर येणाऱ्यांत स्त्रियांची संख्या मोठी असे. ज्या बाईने पूर्वी स्वतःच्या नावाचा पैसा पाहिला नव्हता, तिने हजेरीपटावर अंगठा उठवून आपली मजुरी पदरात बांधून नेली.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मजुरी खाऊन झाल्यावर घरात काय उरले? पहिली गोष्ट ही की, जे विकावे लागले असते ते विकले गेले नाही. शेळी दावणीला राहिली, बैल राहिले, पोराची शाळा तुटली नाही. दुसरी गोष्ट, गावचा मोठा शेतकरी पूर्वी ठरवील तो रोज मजुरास मान्य करावा लागे. पण सरकारी काम जवळ असता मजुरास नाही म्हणता येऊ लागले. तिसरी गोष्ट, पाझर तलाव, नालाबांध, बांधबंदिस्ती, रस्ते ही कामे मागे राहिली.

परंतु सत्य सांगावयाचे तर ह्या तिसऱ्या लाभात मोठी उणीव होती. पाझर तलावाचे पाणी ज्याच्या विहिरीत उतरे, त्याची जमीन आधीपासूनच होती. ज्या भूमिहीनाने तो तलाव खोदला त्याला मजुरी मिळाली, आणि पाणी दुसऱ्याच्या शेतात गेले. शिवाय खडीचे ढीग रस्त्याच्या कडेला तसेच पडून राहिले, काही तलाव पहिल्या पुरातच फुटले, हजेरीपटावर नसलेल्या माणसांची नावे चढली, आणि मजुरी आठवडेच्या आठवडे अडकून पडली. १९८८ साली मजुरीचे दर दुप्पट झाले, ही गोष्ट न्याय्य होती. पण त्यानंतर कामाचे दिवस पुष्कळ घटले. ज्याच्या घरी आज पीठ नाही त्याला महिन्याने मिळणारी मजुरी सावकारापासून वाचवू शकत नाही. चांगला कायदा झाला म्हणजे काम संपले असे नव्हे, ह्याचे हे उदाहरण होय.

ह्या उणिवेवर पुढे उपाय निघाला. १९८८ च्या सुमारास लहान शेतकऱ्यांसाठी जवाहर विहिरी ह्या योजनेत आल्या. १९९० साली फळबागेची योजना तिला जोडली गेली. आंबा, बोर, सीताफळ, डाळिंब अशी झाडे गरीब शेतकऱ्याने आपल्याच शेतात लावावी, खड्डे खणण्याची मजुरी त्यालाच मिळावी, आणि पुढील दोन वर्षांचे पैसे झाडे जगली तरच मिळावे. ह्यात मदतीचा पैसा खाऊन संपला तरी झाड उभे राहते, आणि ते त्याच घराच्या मालकीचे असते. ज्या दोन एकरांच्या धन्याने खांद्यावर घागर वाहून ती झाडे जगविली, त्याच्या मुलांस त्यांची फळे विकावयास मिळाली.

पागे ह्यांस हे पूर्ण झालेले पाहावयास मिळाले नाही. १९९० च्या मार्च महिन्यात, वयाच्या ऐंशीव्या वर्षात, त्यांचे निधन झाले. पंधरा वर्षांनंतर, २००५ साली, भारताच्या संसदेने प्रत्येक ग्रामीण कुटुंबास वर्षाला १०० दिवस कामाची हमी देणारा कायदा केला, आणि त्याचा आधार महाराष्ट्राचा अनुभव हा होता. २००६ च्या फेब्रुवारीत ज्या २०० जिल्ह्यांत तो प्रथम लागू झाला त्यांत आपला नांदेड जिल्हा होता. २००८ पर्यंत तो देशभरच्या ग्रामीण जिल्ह्यांस लागू झाला. विसापूरच्या माळावर पडलेली पहिली कुदळ एवढ्या दूर ऐकू गेली.

आणखी एक गोष्ट सांगून हे चरित्र पुरे करू. २०१६ च्या एप्रिलात लातूर शहरास पिण्याचे पाणी उरले नाही, तेव्हा मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. मिरज सांगली जिल्ह्यातच आहे, म्हणजे ज्या जिल्ह्यात पागे ह्यांनी पाणी मुरविण्याचा धडा घालून दिला त्याच जिल्ह्यातून हे पाणी आले. ती गाडी आली हे बरेच झाले, कारण तहानेल्यास प्रथम पाणीच पाहिजे. परंतु गाडीतले पाणी पिऊन संपले, आणि नाल्यावरचा बांध मात्र दर पावसाळ्यास पुन्हा भरतो. दोन प्रकारच्या मदतींतील भेद ह्याहून स्पष्ट दिसणार नाही.

आमच्या मंडळ्यांतील वडील व उपदेशक बंधूंनी ह्यावरून घ्यावयाचा बोध कठीण नाही. म्हातारे, आजारी, विधवा व तान्ही मुले असणाऱ्या माता ह्यांच्या ताटात धान्य आधी पडले पाहिजे. त्यांजपुढे कामाची अट घालणे निर्दयपणाचे होईल. परंतु ज्यांचे हातपाय धड आहेत त्यांजसाठी कामाची मागणी करावी. कायद्यांची नावे व कलमे काळाप्रमाणे बदलतात, म्हणून चालू नियम ग्रामपंचायतीत विचारून घ्यावा. ज्यास लिहिता येत नाही त्याचा अर्ज लिहून द्यावा, अर्जाची पोच मागून घ्यावी, हजेरीपट वाचून दाखवावा, आणि काम कोणाच्या शेताला पाणी देणारे निवडले जात आहे हे ग्रामसभेत उभे राहून विचारावे. पावसाळ्यापूर्वी एवढे केले, तर येणाऱ्या दुष्काळात आपल्या वाडीवरील एखाद्या घरची बैलजोडी दावणीला राहील.