जॉन रॉबर्ट कॉब

जॉन रॉबर्ट कॉब (१९०३ – १९६७) हे अमेरिकन अस्थिशल्यविशारद होते. पाठीचा कणा किती वाकला आहे हे अंशांत मोजण्याची जी पद्धत आज जगभर रूढ आहे, ती त्यांच्या नावावरून ‘कॉब कोन’ म्हणून ओळखली जाते.

शिक्षण

कॉब यांनी १९२५ मध्ये ब्राउन विद्यापीठातून इंग्लिश साहित्याची पदवी घेतली. त्यानंतर ते वैद्यकाकडे वळले आणि १९३० मध्ये येल विद्यापीठाची वैद्यकीय पदवी त्यांनी संपादन केली.

कारकीर्द

१९३४ मध्ये कॉब न्यू यॉर्क येथील ‘हॉस्पिटल फॉर द रप्चर्ड अँड क्रिपल्ड’ या रुग्णालयात रुजू झाले. पुढे ‘हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरी’ या नावाने प्रसिद्ध झालेली संस्था ती हीच. कण्याच्या पार्श्ववक्रतेचा, म्हणजेच स्कोलिओसिसचा अभ्यास हे त्यांचे जीवितकार्य ठरले. वाक असलेल्या बहुसंख्य रुग्णांना शस्त्रक्रियेची गरज नसते, अशी त्यांची धारणा होती. मात्र वाक स्थिर आहे की वाढतो आहे, हे केवळ नजरेने ठरवता येत नाही. त्यासाठी आज आणि काही महिन्यांनी घेतलेल्या क्ष-किरण चित्रांची एकाच मापाने तुलना करता यायला हवी. ही गरज त्यांच्या पद्धतीने भागवली.

शस्त्रक्रियेत मणक्यांवरील स्नायू अलग करण्यासाठी वापरले जाणारे एक उपकरणही ‘कॉब एलिव्हेटर’ या नावाने परिचित आहे.

कॉब कोन

१९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात कॉब यांनी ही पद्धत मांडली. अशी मोजणी लिपमन यांनी त्याआधी सुचवली होती. तिचा प्रसार मात्र कॉब यांच्यामुळे झाला. वाकाच्या दोन्ही टोकांना असलेले सर्वाधिक कललेले मणके प्रथम निवडतात. वरच्या मणक्याच्या वरच्या कडेला आणि खालच्या मणक्याच्या खालच्या कडेला समांतर अशा दोन रेषा काढतात. या रेषांवर टाकलेल्या लंबांमधील कोन म्हणजे कॉब कोन होय. पेन्सिल, पट्टी आणि कोनमापक एवढ्या साधनांवर हे काम होत असे. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या स्कोलिओसिस रिसर्च सोसायटीने ही पद्धत प्रमाण मानली.

हा कोन किमान १० अंश असल्यास स्कोलिओसिसचे निदान केले जाते. वाढत्या वयातील मुलांना सामान्यतः २५ अंशांपासून पट्टा सुचवतात आणि ४५ ते ५० अंशांच्या पुढे शस्त्रक्रियेचा विचार होतो. हाताने मोजताना सुमारे ५ अंशांचा फरक पडू शकतो. म्हणून त्याहून कमी बदलावरून वाक वाढल्याचे मानत नाहीत.

मर्यादा आणि पुढील विकास

कण्याची विकृती त्रिमितीय असते, तर कॉब कोन एका प्रतलातील वाक दाखवतो. मणक्यांना पडलेला पीळ त्यात दिसत नाही. प्रौढ रुग्णांमध्ये ही उणीव अधिक जाणवते, कारण त्यांच्या वेदना आणि अपंगत्व यांचा संबंध बाजूच्या वाकापेक्षा शरीराचा तोल पुढे झुकण्याशी अधिक असतो. तोल सावरण्यासाठी रुग्ण नकळत श्रोणी मागे कलवतो आणि गुडघे वाकवतो. कमीत कमी श्रमात उभे राहण्याची मर्यादा फ्रेंच शल्यविशारद जाँ द्युबुसे यांनी एका काल्पनिक शंकूच्या रूपाने मांडली.

त्यामुळे आता उभ्या रुग्णाचे डोक्यापासून पायांपर्यंतचे क्ष-किरण चित्र घेण्याकडे कल आहे. मानेच्या सातव्या मणक्यापासून सोडलेला ओळंबा त्रिकास्थीच्या वरच्या मागील कोपऱ्यापासून किती पुढे पडतो, हे त्यात पाहतात; ५ सेंटिमीटरांहून अधिक अंतर सहसा असंतुलन समजले जाते. अशा तपासणीत कमरेचा आणि पाठीचा नैसर्गिक बाक मोजण्यासाठीही कॉब यांचीच रीत वापरली जाते. मोजणी संगणकावर होऊ लागली, तरी तिचा पाया बदललेला नाही.