के. कामराज : मुख्यमंत्रिपद सोडून पक्षाकडे परतलेला संघटक

विरुदुनगर येथे १९०३ मध्ये जन्मलेल्या के. कामराज यांचे शालेय शिक्षण बालपणीच सुटले; राजकारणाचे धडे त्यांनी तमिळनाडू काँग्रेसच्या संघटनेत गिरवले. १९५४ मध्ये ते मद्रासचे मुख्यमंत्री झाले.

१९६३ मध्ये अमरोहा, फर्रुखाबाद व राजकोट येथील लोकसभा पोटनिवडणुकांत काँग्रेस पराभूत झाली. सत्तेत रमलेल्या पक्षाचा जनतेशी संबंध तुटत असल्याचे कामराज यांनी ओळखले. ज्येष्ठांनी पदे सोडून संघटनेचे काम करावे, या त्यांच्या योजनेनुसार सहा केंद्रीय मंत्री व सहा मुख्यमंत्री पायउतार झाले. मोरारजी देसाई, स. का. पाटील त्यांत होते, स्वतः कामराजही. नेहरूंनी या निमित्ताने प्रतिस्पर्धी दूर केले, हा तेव्हाचा संशय अगदीच निराधार म्हणता येत नाही.

१९६४ मध्ये कामराज पक्षाध्यक्ष झाले. लालबहादूर शास्त्री आणि पुढे इंदिरा गांधी यांच्या पंतप्रधानपदी निवडीत त्यांचा शब्द निर्णायक ठरला. पक्षसंघटनेचा हा वरचष्मा अल्पजीवी होता. १९६७ मध्ये विरुदुनगरातच द्रमुकच्या तरुण उमेदवाराने त्यांना हरवले. १९६९ च्या फुटीत ते संघटना काँग्रेससोबत राहिले. बहुसंख्य खासदार मात्र इंदिरा गांधींकडे गेले. आणीबाणी सुरू असताना, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, त्यांचे निधन झाले.