मलिक अंबर : परकी भूमी आपली करणारा पुरुष

आपल्या कोकण किनाऱ्याचे आफ्रिकेशी असलेले नाते फार जुने आहे. अरबी समुद्राच्या पलीकडील काठावर, आज ज्यांना आपण इथिओपिया, एरिट्रिया आणि सोमालिया म्हणतो त्या मुलखांतून, शेकडो वर्षे माणसे जहाजांनी हिंदुस्थानात येत राहिली. कोणी व्यापारी म्हणून आले, कोणी खलाशी म्हणून आले. पण कितीतरी जण आले ते गुलाम म्हणून, बाजारात विकले जाऊन. आपल्याकडे या लोकांना हबशी किंवा सिद्दी म्हणत. मुरूडजवळच्या जंजिऱ्याचे सिद्दी इतिहासाच्या पुस्तकातून आपल्या सर्वांना परिचित आहेत. परंतु या समाजात दख्खनच्या राजकारणावर सर्वांत मोठा ठसा उमटविणारा पुरुष कोण, असे वर्गात विचारले तर उत्तर चटकन येत नाही. तो पुरुष म्हणजे निजामशाहीचा पेशवा मलिक अंबर होय. ज्याला स्वतःचे घर, नाव आणि आई-बाप यांपैकी काहीच उरले नव्हते, त्या मुलाने परक्या मुलखात येऊन एक बुडते राज्य पंचवीस वर्षे तारले. त्याचे चरित्र आपल्या विद्यार्थ्यांनी अवश्य अभ्यासावे असे आहे.

अंबरचा जन्म इ. स. १५४८ च्या सुमारास इथिओपियात झाला. त्याचे मूळ नाव चापू असे होते. लहानपणीच तो गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती सापडला. येमेनमधील मोखा बंदरात तो विकला गेला आणि एका धन्याकडून दुसऱ्याकडे जात अखेर मीर कासिम या बगदादच्या व्यापाऱ्याकडे आला. या ठिकाणी त्याच्या आयुष्याला वळण लागले. मीर कासिमने या मुलाची बुद्धी ओळखली. त्याने त्याला लिहिणे-वाचणे शिकविले, हिशेब शिकविला, कारभाराची माहिती दिली. याच काळात चापूने इस्लामचा स्वीकार केला आणि त्याला अंबर हे नाव मिळाले. मालाची ने-आण करण्यापुरते ज्याचे मोल होते, त्या मुलाच्या हाती लेखणी आली. पुढे अंबरने हाती घेतलेल्या तलवारीची कीर्ती फार झाली, पण त्याआधी लेखणी होती हे आपण विसरता कामा नये.

१५७० नंतरच्या काही वर्षांत मीर कासिमबरोबर अंबर दख्खनमध्ये आला. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतले. हा चंगेजखान स्वतः हबशी होता आणि तोही एके काळी गुलामच होता. त्याच्या पदरी सुमारे एक हजार हबशी होते. त्या काळी दख्खनच्या दरबारांत हबशी शिपाई आणि सरदार यांचा मोठा गट असे. नव्याने आलेल्या मुलाला आपल्या भाषेची, आपल्या रंगाची माणसे येथे भेटत. जुने लोक नव्यांना हाताशी धरून वाढवीत. अंबर अशा मंडळींत वाढला. राज्य कसे चालते, फौज कशी राखावी, वसूल कसा करावा, हे त्याने चंगेजखानाच्या पदरी राहून पाहिले. चंगेजखानाच्या मृत्यूनंतर त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केले. गुलामाला मुक्त करणे हे इस्लाममध्ये पुण्यकर्म मानले आहे.

अंबर स्वतंत्र झाला, पण स्वातंत्र्याबरोबर भाकरीही आपली आपणच मिळवावी लागते. त्याने लहानशी तुकडी जमविली. काही काळ विजापूरच्या आदिलशाहीत चाकरी केली. मलिक ही पदवी त्याला तेथेच मिळाली. पुढे १५९५ च्या सुमारास तो दीडशे स्वारांनिशी परत निजामशाहीत आला. त्या वेळी त्याचे वय पंचेचाळिशीच्या पुढे गेले होते. ज्या वयात पुष्कळ माणसे आता आपल्याकडून काय व्हायचे असे म्हणून स्वस्थ बसतात, त्या वयात या माणसाच्या खऱ्या कार्याला आरंभ झाला.

निजामशाहीची अवस्था तेव्हा बिकट होती. उत्तरेकडून अकबर बादशहाची फौज दख्खनवर चालून आली होती. चांदबिबीने अहमदनगरचा किल्ला शौर्याने लढविला, परंतु १६०० साली तिची हत्या झाली आणि किल्ला मोगलांच्या ताब्यात गेला. राजधानी गेली, सुलतान कैद झाला. राज्य संपले असेच सर्वांना वाटले. मलिक अंबरने मात्र तसे मानले नाही. त्याने राजघराण्यातील एका तरुणाला परांडा येथे मुर्तझा निजामशहा म्हणून गादीवर बसविले आणि विखुरलेले सरदार पुन्हा एकत्र आणण्याचे काम सुरू केले. पुढे राजधानी जुन्नरला आणि नंतर दौलताबादला नेली.

मोगलांच्या अफाट फौजेपुढे उघड्या मैदानात टिकाव लागणार नाही हे त्याने ओळखले. दख्खनचे डोंगर, घाट आणि नद्या यांचा आधार घेऊन त्याने हलक्या घोडदळाची लढाई उभारली. शत्रूची रसद तोडायची, त्याला दमवायचे आणि अवचित घाला घालून नाहीसे व्हायचे, ही ती रीत. १६१० च्या सुमारास हिंदुस्थानात आलेल्या एका इंग्रज प्रवाशाने अंबरच्या फौजेत दहा हजार हबशी आणि चाळीस हजार दख्खनी असल्याचे लिहून ठेवले आहे. या दख्खनी फौजेत मराठ्यांचा भरणा मोठा होता. मालोजीराजे भोसले आणि त्यांचे पुत्र शहाजीराजे हे निजामशाहीचेच सरदार. १६२४ साली अहमदनगरजवळ भातवडी येथे मोगल आणि आदिलशाही अशा दोन्ही फौजांशी अंबरची गाठ पडली. त्याने तेथील तलावाचे पाणी शत्रूच्या छावणीकडे सोडले, वाटा चिखलाने भरून गेल्या आणि शत्रूचा पराभव झाला. या लढाईत शहाजीराजांनी पराक्रम गाजविला. त्यांचे बंधू शरीफजी तेथे कामी आले. छत्रपती शिवाजी महाराजांच्या पदरी असलेल्या कवी परमानंदाने आपल्या शिवभारत या ग्रंथात या लढाईचे वर्णन केले असून मलिक अंबरचा गौरवही केला आहे.

अंबरला यशच मिळत गेले असे मात्र नाही. १६१० साली त्याने खडकी नावाच्या खेड्याच्या जागी नवे शहर वसविले. हेच पुढे औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर झाले. १६१६ मध्ये त्याचे काही सरदार मोगलांना जाऊन मिळाले, रोषणगाव येथे त्याचा पराभव झाला आणि मोगल फौजेने खडकी जाळून उद्ध्वस्त केली. त्या वेळी तो सत्तरीला टेकला होता. त्याने शहर पुन्हा उभारले. पाच वर्षांनी १६२१ मध्ये शाहजादा खुर्रमच्या स्वारीत खडकीवर पुन्हा तोच प्रसंग आला, आणि अंबरने पुन्हा बांधकामास हात घातला. जहांगीर बादशहा त्याच्यावर इतका संतापला होता की, अंबरचे शिर भाल्यावर टांगलेले असून आपण त्यावर बाण मारीत आहोत असे चित्र त्याने आपल्या दरबारी चित्रकाराकडून काढवून घेतले. प्रत्यक्षात त्याला ते शिर कधीच मिळाले नाही. नशिबाचा फेरा असा की, पुढे बापाविरुद्ध बंड करून पळालेल्या याच खुर्रमने, म्हणजे भावी शाहजहानने, अंबरचाच आश्रय शोधला.

मलिक अंबरचे नाव केवळ लढायांमुळे राहिलेले नाही. खडकीला पाणी आणण्यासाठी त्याने १६१७ च्या सुमारास बांधलेली नहर पाहण्यासारखी आहे. शहराच्या उत्तरेकडील डोंगरांत जमिनीखाली झिरपणारे पाणी गोळा करून, जमिनीखालूनच बांधलेल्या दगडी मार्गाने, केवळ उताराच्या जोरावर ते शहरात खेळविले. मध्ये ठिकठिकाणी सफाईसाठी आणि हवेसाठी बांबे ठेवले. आपल्याकडे माड-पोफळीच्या बागांना पाटाचे पाणी फिरते. उताराचा तोच साधा नियम त्याने एका संपूर्ण शहरासाठी वापरला. त्याचे राज्य गेले, त्यामागून मोगल आले, निजाम आला, तरी विसाव्या शतकापर्यंत या नहरीचे पाणी त्या शहराला मिळत होते. आपल्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडूनही मे महिन्यात विहिरी तळ गाठतात. त्यामुळे पाणी अडवून, जपून वापरणाऱ्या माणसाची थोरवी आपल्याला कोणी वेगळी सांगायला नको.

जमीनमहसुलातही त्याने अशीच दूरदृष्टी दाखविली. पूर्वी गावाचा वसूल मक्त्याने दिला जाई, आणि मक्तेदार रयतेला पिळून काढी. अंबरने ही पद्धत बंद केली. जमिनीची प्रत आणि पीक पाहून सारा ठरविला, कसणाऱ्याचा जमिनीवरील वंशपरंपरेचा हक्क मानला आणि वसुलीची जबाबदारी गावावरच सोपविली. मलिक अंबरी धारा या नावाने ही पद्धत ओळखली जाई. पुढे मराठी अमलातही सारा ठरविताना तिचा आधार घेतला जात असे. आपला दक्षिण कोकण त्या काळी आदिलशाहीत असल्याने अंबरचा अंमल इथवर नव्हता. पण कल्याणच्या बाजूला, उत्तर कोकणात, तो होता.

धर्माच्या बाबतीत अंबरची निष्ठा आणि उदारता दोन्ही दिसतात. त्याने खडकीत मशिदी बांधल्या, विद्वानांना आश्रय दिला, आणि अखेरची विश्रांतीही खुलदाबाद येथे सूफी संतांच्या सान्निध्यात घेतली. त्याच वेळी त्याच्या फौजेत मराठे सरदार आणि दफ्तरात ब्राह्मण कारकून विश्वासाने काम करीत होते. हिंदूंना त्याने जमिनी इनाम दिल्या. स्वतःच्या श्रद्धेवर जो ठाम असतो त्याला दुसऱ्याच्या श्रद्धेची भीती वाटत नाही, हे या चरित्रातून शिकावे.

मे १६२६ मध्ये मलिक अंबर मरण पावला. तेव्हा त्याचे वय सुमारे अठ्ठ्याहत्तर वर्षे होते. शत्रुपक्षाच्या मोगल इतिहासकारालाही त्याच्या शिस्तीची, न्यायाची आणि युद्धकौशल्याची स्तुती करावीशी वाटली. त्याच्यामागून जे घडले ते मात्र मनाला चटका लावणारे आहे. त्याचा मुलगा फत्तेखान कारभारावर आला. दरबारातील हेवेदाव्यांत त्याने ज्या मुर्तझा निजामशहाला बापाने गादीवर बसविले होते त्याचाच घात केला, आणि १६३३ साली दौलताबादचा किल्ला मोगलांच्या हवाली केला. शहाजीराजांनी आणखी तीन वर्षे झुंज दिली, पण १६३६ मध्ये निजामशाही कायमची बुडाली. बापाने पंचवीस वर्षे जे राखले, ते दहा वर्षांत गेले. अंबरने शहर बांधले, नहर बांधली, सारा बांधून दिला. जे लोकांच्या उपयोगाचे होते ते टिकले. पण ज्याच्या हाती हे सर्व सोपवायचे, त्या पुढच्या पिढीत बापाचा वारसा पेलण्याची ताकद आली नाही. धन, पद आणि कीर्ती वारशाने देता येते. चारित्र्य तसे देता येत नाही, ते रोजच्या सहवासाने आणि शिक्षणाने घडवावे लागते. पालकांनी आणि आम्हा शिक्षकांनी यावर विचार करावा.

अंबरच्या भाऊबंदांची कथा अजून संपलेली नाही. जंजिऱ्याचे सिद्दी संस्थान १९४८ पर्यंत टिकले. आपल्या दक्षिणेला, उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ-यल्लापूरच्या जंगलभागात सिद्दी लोक आजही आहेत. त्यांच्यात हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती असे तिन्ही धर्मांचे लोक आहेत. सोमालियात १९९१ पासून उसळलेल्या यादवीमुळे लाखो लोक देशोधडीला लागले आणि केनिया, ब्रिटन, अमेरिका अशा देशांत जाऊन राहिले. त्यांची मुले शिक्षणासाठी पुणे आणि हैदराबाद येथेही आली. समुद्राने माणसे इकडे आणली तशी आपली माणसेही तिकडे नेली. दक्षिण आफ्रिकेत केप टाऊन येथे कोकणी मुसलमान कुटुंबांना स्थायिक होऊन शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला, आणि आखाती देशांत नोकरीला गेलेला माणूस तर आज आपल्या किनाऱ्यावरील गावोगाव आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी अनेकजण उद्या मुंबईला, दुबईला, कुवेतला जातील. तेथे तुम्ही परके असाल. अशा वेळी मलिक अंबर आठवा. त्याच्यावर आलेली वेळ तुमच्यावर कोणावरही आलेली नाही. तुम्हाला घर आहे, आई-वडील आहेत, शाळा आहे. त्याने मिळालेली पहिली संधी विद्या घेण्यात घालविली, ज्या भूमीचे अन्न खाल्ले तिच्याशी इमान राखले, जळालेले शहर दोनदा उभारले आणि आपला धर्म आपल्या वागण्यातून दाखविला. माणूस जेथे जातो तेथे त्याच्यावरून त्याच्या गावाची, समाजाची आणि धर्माची परीक्षा होते. त्या परीक्षेत उत्तीर्ण होण्याची तयारी आजच, या बाकावर बसूनच करावयाची आहे. तशी जिद्द आपल्या संस्थेच्या मुला-मुलींत निर्माण होवो, हीच अल्लाहच्या चरणी प्रार्थना.